कॉम्प्युटर गेला म्हणण्याआधी लाईट तपासा

आज पापड-कुरडयांचा विषय नाही आणि कर्जाच्या हप्त्याचाही नाही. आज गटाच्या कॉम्प्युटरबद्दल बोलायचं आहे. आपल्या फैजपूर, सावदा, न्हावी या भागात आता बऱ्याच गटांकडे, ग्रामसंघांकडे कॉम्प्युटर आला आहे. कुणी केळीच्या वेफर्सची बिलं त्यावर करतं, कुणी गटाचे हिशेब भरतं, कुणाच्या घरी मुलीच्या कॉलेजसाठी घेतलेला आहे आणि आई त्यावर ऑनलाईन फॉर्म भरून चार पैसे मिळवते. हा कॉम्प्युटर एक दिवस बटण दाबल्यावर गप्प बसतो. मग तो पिशवीत घालून, गाडीवर मांडीत धरून दुकानात नेला जातो. तिथे ऐकायला मिळतं, "मदरबोर्ड गेला ताई, दुरुस्तीपेक्षा नवीनच घ्या."

कधी कधी ते खरं असतं. पण आम्ही गटांमध्ये फिरताना पाहिलं आहे की बऱ्याच वेळा कॉम्प्युटर धड असतो आणि बिघाड असतो त्याला मिळणाऱ्या विजेत. डीपीपासून भिंतीतल्या सॉकेटपर्यंत, सॉकेटपासून कॉम्प्युटरच्या आतल्या एका डब्यापर्यंत कुठेतरी वीज अडखळते. हे घरी बसून, काही न उघडता, बरंचसं तपासता येतं. तेच आज सांगतो.

आधी तो आतला डबा समजून घेऊ. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते, नियमाने ती सहा टक्के वर किंवा सहा टक्के खाली चालते, म्हणजे साधारण २१६ ते २४४. पण कॉम्प्युटरच्या आतल्या नाजूक भागांना एवढी वीज लागतच नाही. त्यांना लागते १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट, तीही एकसारखी. मोठी वीज घेऊन ती अशी लहान करून वाटणारा एक पत्र्याचा डबा कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला असतो. त्याला सगळे एसएमपीएस म्हणतात. जिथे आपण मागून जाड काळी केबल खोचतो, तोच तो.

केळीच्या बागेत राहणाऱ्या बायकांना हे समजायला अवघड नाही. विहिरीच्या मोटारीचं पाणी सरळ केळीच्या मुळाशी सोडलं तर माती वाहून जाईल. म्हणून आधी फिल्टर, मग व्हॉल्व्ह, मग ठिबकच्या नळ्या. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या ठिबकचा फिल्टर आणि व्हॉल्व्ह. एक ओळ सुकायला लागली तर आपण बाग उपटून टाकत नाही, आधी फिल्टर तुंबला का ते पाहतो. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण सरळ बाग उपटायला निघतो.

आता समजा बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, ना दिवा, ना पंख्याचा आवाज. पहिली गोष्ट, ज्या सॉकेटला कॉम्प्युटर आहे तिथे वीज आहे का ते पाहा. इथे एक फसवी गोष्ट आहे. बायका मोबाईलचा चार्जर लावून बघतात, फोन चार्ज होतो, मग म्हणतात लाईट चांगली आहे. चार्जरवरचं बारीक अक्षर वाचा, त्यावर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. म्हणजे घरात १४० व्होल्ट असले तरी फोन चार्ज होणारच. एलईडी बल्बचंही बरंचसं तसंच आहे. त्यापेक्षा जुना पिवळा बल्ब असेल तर तो लावून बघा, किंवा छताच्या पंख्याकडे पाहा. बल्ब तांबूस जळत असेल, पंखा आळसावल्यासारखा फिरत असेल तर व्होल्टेज पडलेलं आहे.

सॉकेट ठीक असेल तर कॉम्प्युटरच्या मागे जा. एसएमपीएसवर एक छोटा खटका असतो. त्यावर एका बाजूला उभी रेघ आणि दुसऱ्या बाजूला गोल काढलेला असतो. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. झाडू मारताना, फडकं फिरवताना हा खटका बंद होतो आणि घरात कुणाच्या लक्षात येत नाही. हसू नका, यासाठी कॉम्प्युटर दुकानात जाऊन आलेला आम्ही पाहिला आहे. त्यानंतर केबल. कॉम्प्युटरची आणि बऱ्याच मॉनिटरची केबल एकसारखीच असते. दोन्हींची अदलाबदल करून पाहा. बिघाड केबलबरोबर दुसरीकडे गेला, तर केबल बदला आणि विषय संपला.

तरीही चालू होत नसेल तर केबल काढा, कॉम्प्युटरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, पाच मिनिटं तसंच राहू द्या आणि मग परत लावा. वीज अचानक वरखाली झाली की चांगला एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. आत साठलेली वीज निघून गेली की तो पुन्हा चालू होतो.

पंखा फिरला, बीप असा आवाज आला, पण पडद्यावर काही दिसत नाही, असं असेल तर वीज बहुतेक पोचलेली आहे. मग बिघाड रॅममध्ये किंवा दुसरीकडे असू शकतो. पंखा एक क्षण हलून थांबत असेल तर मात्र एसएमपीएस किंवा आतलं काहीतरी शॉर्ट झालं आहे. हे दुकानदाराला नेमकं असंच सांगा. "चालत नाही" एवढंच सांगितलं की तो त्याच्या मनाने ठरवतो.

आता बंद न पडणारा पण मध्येच बंद होऊन आपोआप सुरू होणारा कॉम्प्युटर. हा सगळ्यात जास्त छळतो. आमच्याकडच्या एका गटाची गोष्ट सांगतो. मिरचीचा हंगाम होता, मार्च-एप्रिल. गटाचं मसाला कांडप यंत्र आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत. कॉम्प्युटर दिवसा चार-पाच वेळा बंद पडायचा, संध्याकाळी मात्र शहाण्यासारखा चालायचा. दुकानातून ९,००० रुपयांचा खर्च सांगितला गेला. अकरा बायकांचा गट, महिन्याला प्रत्येकी २०० रुपये बचत, म्हणजे गटाची चार महिन्यांहून जास्त बचत एका झटक्यात गेली असती. आम्ही त्यांना म्हटलं, आठ दिवस थांबा आणि वहीत लिहा. कॉम्प्युटर किती वाजता बंद पडला आणि त्या क्षणी घरात काय चालू झालं होतं. सचिव ताईंनी लिहिलं. आठवडाभराने वही उघडली तर जवळजवळ प्रत्येक नोंदीसमोर एकच शब्द होता, कांडप.

कारण सरळ आहे. मोटार सुरू होते त्या क्षणी ती नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. तेवढ्या वेळात त्या तारेवरचं व्होल्टेज खाली बसतं, दिवे मंद होतात. एसएमपीएसला ते पुरत नाही आणि कॉम्प्युटर मान टाकतो. वायरमनने मीटरच्या बोर्डापासून कॉम्प्युटरसाठी वेगळी तार ओढून दिली. कॉम्प्युटर तोच, मदरबोर्ड तोच, आजही चालू आहे. तुमच्या घरी कांडप नसेल, पण पाण्याची मोटार असेल, फ्रीज असेल, मिक्सर असेल. हे सगळं कॉम्प्युटरच्याच एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका.

आपल्या भागात याचाच मोठा अवतार शिवारात दिसतो. केळीला पाणी लागतं, म्हणून विहिरी, बोअर, मोटारी भरपूर. बऱ्याच स्टार्टरना ऑटो लावलेला असतो, म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप सुरू. गेलेली लाईट परत येते त्या क्षणी सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम उठतात आणि व्होल्टेज खाली जातं, मग वर येतं, परत हलतं. म्हणून महावितरण शेतकऱ्यांना ऑटो काढायला सांगत असतं. आपल्या हातात एवढंच आहे की लाईट गेली की कॉम्प्युटरचा खटका बंद करायचा आणि लाईट आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून मग चालू करायचा. मळ्यात राहणाऱ्या ज्या घरांना शेतीच्या फिडरवरून लाईट मिळते, तिथे शेतीची थ्री फेज बंद असताना सिंगल फेज असते. त्यावरही कुणी कंडेन्सर लावून मोटार चालवत असेल तर वस्तीवरचे दिवे कंदिलासारखे होतात. अशा घरात डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो आणि बॅटरी त्याच्या पोटातच असते. महाग वाटतो, पण दर वर्षी एक एसएमपीएस बदलण्यापेक्षा परवडतो.

यूपीएस आहे ना, मग कशाला काळजी, असं काही ताई म्हणतात. यूपीएस जिवंत आहे का ते कधी पाहिलं आहे? कॉम्प्युटर चालू ठेवा, सगळं काम सेव्ह करून बंद करा, आणि मग यूपीएसचा भिंतीतला खटका बंद करा. कॉम्प्युटर लगेच बंद पडला तर यूपीएसमधली बॅटरी संपली आहे. ही १२ व्होल्टची छोटी बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं चालते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा तिचं आयुष्य आणखी कमी होतं. अख्खा यूपीएस बदलायची गरज नसते, आतली बॅटरी बदलून मिळते. जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, तिच्यात शिसं असतं. दुकानदार ती परत घेतो आणि किमतीत थोडी सूटही देतो. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटं साथ देतो. ती मिनिटं काम सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करण्यासाठी आहेत, राहिलेली बिलं संपवण्यासाठी नाहीत.

आणि एक, लेझर प्रिंटर यूपीएसला लावायचा नाही. त्याच्या आतली पट्टी तापताना तो बरीच वीज ओढतो. छापायला कागद टाकला की यूपीएस किंचाळतो आणि सगळंच बंद पडतं, मग दोष कॉम्प्युटरला. प्रिंटर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा.

घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे एक बटण शोधा. बऱ्याच इन्व्हर्टरना दोन पद्धती असतात, एक साधी आणि एक यूपीएस. साध्या पद्धतीत लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला थोडा वेळ लागतो. डोळ्याला दिवा जरासा लुकलुकलेला दिसतो, पण तेवढ्यात कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू होतो. यूपीएस पद्धतीत हा बदल फार चटकन होतो. मग सगळ्यांनी तेच बटण का लावू नये? कारण त्या पद्धतीत व्होल्टेज जरा कमी झालं, साधारण १८० च्या खाली आलं, की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. आपल्याकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मग बॅटरी तिथेच संपते आणि रात्री पंखा बंद. म्हणून कुणीतरी ते बटण साध्यावर करून ठेवलेलं असतं. कॉम्प्युटरवर काम करण्यापुरतं यूपीएसवर करा, नंतर परत साध्यावर. व्होल्टेज रोजच पडत असेल तर आधी स्टॅबिलायझर लावावा लागेल.

आता हाताला मुंग्या येण्याचं. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लागला की चुणचुणतं, अनवाणी असताना जास्त. ही तक्रार आमच्याकडे सगळ्यात जास्त येते आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षही हिच्याकडेच होतं. एसएमपीएसमध्ये विजेतली खरखर गाळण्यासाठी काही भाग असतात, ते थोडीशी वीज पत्र्याकडे सोडतात. ती वीज अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायची असते. घरात अर्थिंगच नसेल तर ती पत्र्यावरच बसून राहते आणि आपल्या अंगातून वाट शोधते. तीन पिनच्या प्लगची मोठी जाड पिन त्यासाठीच आहे. ती कापून दोन पिनच्या बोर्डात खोचलेली पाहिली की आमच्या पोटात गोळा येतो. चुणचुण म्हणजे कॉम्प्युटर खराब नव्हे, पण अर्थिंग नाही याची ती खूण आहे. उद्या त्याच घरात कूलरची किंवा मोटारीची तार पत्र्याला लागली तर वीज चुणचुणणार नाही, जीव घेईल. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये मीटर लावला तर दोन-तीन व्होल्टच्या आत दिसायला हवं. कोळसा-मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी घाला. आपल्याकडची जमीन एप्रिल-मे मध्ये इतकी कोरडी होते की अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. नळाच्या पाईपला अर्थिंग बांधू नका. न्यूट्रलला तर नकोच नको.

याहून मोठा धोका म्हणजे न्यूट्रल तुटणं. वादळाने तार हलते, डीपीवरचा किंवा खांबावरचा जोड सैल होतो. मग गल्लीतल्या काही घरांत दिवे लख्ख पेटतात आणि काही घरांत अगदी मंद होतात. ज्या घरात लख्ख पेटले तिथे २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास वीज येऊ शकते. अशा वेळी टीव्ही, कॉम्प्युटर, फ्रीज एकदम जातात. दिवा नेहमीपेक्षा प्रखर दिसला, पंखा सुसाट फिरायला लागला, की विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा. शेजारी हाक मारा, त्यांनाही पाडायला सांगा. मग १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. केळी आडव्या करणारी ती मे-जूनची वादळं आली की प्लगच काढून ठेवायचा, इंटरनेटची तारेची जोडणी असेल तर तीही. खटका बंद करून वीज पडण्यापासून बचाव होत नाही.

एक छोटीशी गोष्ट, जिला लोक मोठा आजार समजतात. कॉम्प्युटरची तारीख रोज चुकते, जुनं वर्ष दाखवते, आणि सरकारी साईट उघडताना सुरक्षित नाही असा इशारा येतो. बाया म्हणतात नेट खराब आहे. नेट खराब नसतं. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. कॉम्प्युटरला वीज नसते तेव्हा घड्याळ त्या सेलवर चालतं. आपल्याकडे लाईट जास्त वेळ जाते, खटकाही आपण बंद ठेवतो, म्हणून तो लवकर संपतो. सेल चहा-नाश्त्याच्या पैशांत येतो.

धूळ आणि ऊन यांचंही सांगायला हवं. एसएमपीएसचा पंखा मागून गरम हवा बाहेर टाकतो. मागे भिंतीला चिकटवून ठेवला किंवा वर क्रोशाचं सुंदर कव्हर घातलेलं असतानाच चालू केला, तर तो आत भाजून निघतो. कव्हर काम संपल्यावर घाला. दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून कोरड्या ब्रशने जाळीवरची धूळ झाडा. पण एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. आत ३२५ व्होल्टपर्यंतची वीज साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ तिथेच राहते.

शेवटी दुकानात जावंच लागलं तर काय बोलायचं? "आधी दुसरा एसएमपीएस लावून दाखवा." चांगल्या दुकानात सुटा एसएमपीएस असतोच, पाच मिनिटांचं काम आहे. त्यावर कॉम्प्युटर चालू झाला तर मदरबोर्ड शाबूत आहे. जुना एसएमपीएस मीटरवर मोजून दाखवायला सांगा आणि आकडा स्वतः वाचा. पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट यायला हवेत, ११.४ च्या खाली नको. लाल वायरवर ५, ४.७५ च्या खाली नको. नारिंगी वायरवर ३.३ च्या आसपास. नुसता पंखा फिरतो म्हणून एसएमपीएस चांगला, असं मानू नका. नवीन घेताना त्याच्या लेबलवर इनपुट काय लिहिलं आहे ते वाचा. २०० ते २४० लिहिलेल्यापेक्षा १०० ते २४० लिहिलेला आपल्या गावच्या लाईटला जास्त सोसतो. बदललेला जुना भाग परत मागा. बिल घ्या, गटाच्या वहीत लावायला लागेलच. आणि कॉम्प्युटर दुकानात ठेवून येण्याआधी गटाचे हिशेब पेनड्राईव्हवर घेतलेले असावेत. वीज अचानक गेली की फाईल अर्धवट लिहिली जाते आणि मग ती उघडतच नाही. म्हणून मासिक बैठक झाली की त्याच दिवशी पेनड्राईव्हवर प्रत घ्या आणि तो पेनड्राईव्ह अध्यक्ष ताईंच्या कपाटात, कॉम्प्युटरच्या टेबलावर नाही.

प्रिंटरच्या शाईबद्दल तीन-चार गटांनी विचारलं आहे. ते पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत आज घरी गेल्यावर कॉम्प्युटरच्या प्लगची जाड पिन शाबूत आहे का, एवढं पाहून ठेवा.